गळाला लागलेला पहिला मासा



ऑगस्ट उजाडला की आपल्या वसईच्या किनाऱ्यावर पुन्हा लगबग सुरू होते. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. ती बंदी उठली की नायगाव, पाचूबंदर, किल्लाबंदर, अर्नाळा येथील आपले कोळी बांधव होड्या पाण्यात लोटतात. त्याआधी जाळी तपासली जातात, होड्यांना रंग लागतो, धर्मगुरूंना बोलावून होड्यांवर पवित्र पाणी शिंपडले जाते. समुद्रात जाणारा माणूस देवाचे नाव घेतल्याशिवाय पाऊल टाकत नाही.

आपण भुईगावकर बहुतेक वाडीतली माणसे. सुरूच्या बनापलीकडे समुद्र गर्जत असला तरी आपला जीव केळीच्या बागेत, भाजीच्या वाफ्यात आणि बावखलाच्या काठावर रमतो. आपल्यातील कितीतरी जणांनी लहानपणी मासे धरले ते बावखलातच. बांबूची काठी, तंगूस, एक गळ आणि नारळाच्या करवंटीत ओल्या मातीतली गांडुळे. एवढ्या भांडवलावर एक अख्खी सकाळ सुखात जात असे. मासा मिळाला तर आनंद, नाही मिळाला तरी घरी आई रागावत नसे. मिस्सा चुकवून गेलेल्यांची गोष्ट अर्थात वेगळी!

अशा एका गळाची गोष्ट पवित्र शुभवर्तमानात आहे. सामान्य काळातील एकोणिसाव्या आठवड्याच्या सोमवारी, म्हणजे ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, ती आपण मिस्सामध्ये ऐकतो (मत्तय १७:२२-२७). सोमवारची मिस्सा असल्यामुळे ती पुष्कळांच्या कानावर पडत नाही. म्हणून आज आपण तिच्यावर मनन करू या.

एक गळ, एक मासा, एक नाणे

कफर्णहूम गावात मंदिराचा कर गोळा करणारे लोक पेत्राकडे येतात. तुमचे गुरुजी कर भरतात की नाही, असे विचारतात. पेत्र घाईघाईने होकार देऊन घरात येतो. तो बोलण्याआधीच प्रभू येशू विषय काढतो. राजे लोक कर कोणाकडून घेतात, स्वतःच्या मुलांकडून की परक्यांकडून? अर्थात परक्यांकडून. मंदिर तर येशूच्या पित्याचे घर. पुत्राला कर कसला? तरीही लोकांना अडखळण व्हायला नको म्हणून येशू पेत्राला सरोवरावर पाठवतो. गळ टाकायला सांगतो. जो पहिला मासा वर येईल त्याच्या तोंडात नाणे सापडेल, ते दोघांच्या वतीने भरून टाक, असे सांगतो.

बंधू-भगिनींनो, चारही शुभवर्तमानांत मासेमारीचे प्रसंग पुष्कळ आहेत. पण गळाने मासा धरण्याचा प्रसंग एवढा एकच. बाकी सगळीकडे जाळी आहेत. पेत्र हा जाळी टाकणारा, होडी बाळगणारा, सोबत भागीदार असलेला व्यावसायिक कोळी. त्याला प्रभू म्हणतो, आज जाळे घरी ठेव. आपल्याकडच्या लहान मुलासारखा काठावर बस आणि एक मासा धरून आण. त्या मोठ्या कोळ्याला किती संकोच वाटला असेल!

आता त्या नाण्याचा हिशेब पाहा. मंदिराचा कर दर माणशी दोन द्राख्मा होता. माशाच्या तोंडात सापडलेले नाणे स्टेटर, म्हणजे चार द्राख्मा. दोघांचा कर भरून एक पैसाही उरला नाही. ज्याने होडी बुडेल इतके मासे एकदा दिले, त्याने या वेळी मोजून गरजेपुरते दिले. आणि जे दिले त्यात स्वतःच्या बरोबर पेत्राचाही वाटा धरला.

गालील सरोवर हे नावाला समुद्र, पाणी गोडे. सुमारे २१ किलोमीटर लांब, १३ किलोमीटर रुंद. तिथल्या तिलापिया जातीच्या माशाला लोक आजही ‘संत पेत्राचा मासा’ म्हणतात. हा मासा आपली अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळतो, म्हणूनही त्याचे नाव या गोष्टीशी जोडले गेले असावे. अभ्यासक मात्र सांगतात की तो पाण्यातील बारीक जीव खाणारा असल्यामुळे सहसा गळाला लागत नाही. पेत्राच्या गळाला लागलेला मासा दुसऱ्या जातीचा असावा. ते काहीही असो. त्याच तिलापियाचा आफ्रिकेतील भाऊबंद १९५२ साली भारतात आणला गेला. आज आपल्या तळ्यांत आणि बावखलांत जो तिलापिया सापडतो तो याच कुळातला. पेत्राच्या सरोवराचे आणि आपल्या बावखलाचे नाते असे पाण्यातूनही जुळते.

थंड नदीवरची एक सकाळ

गळाने मासे धरण्याची कला जगात अनेक ठिकाणी पुष्कळ पुढे गेली आहे. त्यातील एका प्रकाराकडे आज आपण थोडे थांबून पाहू या, कारण त्यात आपल्यासाठी मोठा बोध आहे.

ट्राउट नावाचा मासा थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्यात राहतो. आपल्या तानसा-वैतरणेचे पाणी त्याला मानवणार नाही. तिथे तो तग धरू शकत नाही. तो मूळचा भारतातला नाही. १९०० साली त्याची अंडी इंग्लंड-स्कॉटलंडकडून बोटीने आणून काश्मीरमध्ये उबवली गेली. पुढे हिमाचलातील तीर्थनसारख्या नद्यांत आणि दक्षिणेला निलगिरीच्या ओढ्यांतही ट्राउट सोडले गेले. आज तिथे सरकारी परवाना काढून लोक गळाने ट्राउट धरतात. थंडीत मासा अंडी घालतो, तेव्हा हिमाचलात त्याची मासेमारी बंद असते. आपल्याकडे पावसाळ्यात, तिकडे थंडीत. कारण मात्र एकच, आईला उसंत मिळावी.

हा मासा धरण्याच्या एका पद्धतीला ‘ड्राय फ्लाय’ म्हणतात, म्हणजे कोरडी माशी. गळाला गांडूळ लावायचे नाही, कणीक लावायची नाही. बारीकशा गळाभोवती रेशमी दोरा आणि कोंबड्याच्या मानेचे पीस गुंडाळून एक खोटी माशी तयार करायची. पिसाचे ताठ केस पाण्याला टेकतात आणि माशी बुडत नाही, वर तरंगते. ही युक्ती नवी नाही. माशी बांधून मासे धरणाऱ्या मॅसेडोनियातील लोकांचे वर्णन सुमारे अठराशे वर्षांपूर्वी ईलियन नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवले आहे. लाल लोकर आणि कोंबड्याची पिसे ते गळाला बांधत असत. पाण्यावर तरंगणाऱ्या माशीचे शास्त्र मात्र एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पक्के झाले.

अशी मासेमारी करणाऱ्या माणसाची सकाळ कशी असते? तो नदीवर येतो तेव्हा काठी लगेच उघडत नाही. आधी एका दगडावर बसतो आणि पाणी बघतो. कुठे वर्तुळ उमटते? कोणता मासा कोणत्या दगडाआड उभा आहे? आज पाण्यावर कोणते किडे उडत आहेत, करडे की पिवळे, लहान की मोठे? ज्या किड्यांवर ट्राउट तुटून पडतो त्यांचे आयुष्यही नवलाचे आहे. मेफ्लाय नावाचा हा किडा महिनोन् महिने, कधी वर्षभर, पाण्याखाली दगडांना चिकटून वाढतो. मग एके दिवशी वर येतो, पंख फुटतात आणि काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत त्याचे आयुष्य संपते. पंख आल्यावर त्याला अन्न खाता येईल असे तोंडही उरत नाही. उडायचे, अंडी घालायची आणि मरायचे.

ट्राउट प्रवाहाच्या दिशेने तोंड करून उभा असतो, कारण अन्न वरून वाहत येते. म्हणून माणूस खालच्या बाजूने, माशाच्या पाठीमागून, दबक्या पावलांनी पाण्यात शिरतो. पाय आपटला की मासा पसार. सावली पडली की मासा पसार. मग तो दोरी हवेत मागेपुढे खेळवतो आणि माशी अशी सोडतो की ती माशाच्या थोडी वर, पाण्यावर अलगद उतरावी. इथून पुढे त्याच्या हातात फार थोडे असते. माशी प्रवाहाबरोबर आपोआप वाहत आली पाहिजे. दोरीने तिला जराही ओढले आणि पाण्यावर बारीकशी रेघ उमटली, तर ट्राउट वर येतो, बघतो आणि तोंड फिरवून खाली जातो. खऱ्या किड्याला कोणी ओढत नाही, हे त्याला ठाऊक असते!

असे दहा वेळा होते, वीस वेळा होते. कधी सगळी सकाळ जाते आणि मासा लागत नाही. पण लागला, तर पुष्कळ जण त्याला हात ओला करून अलगद धरतात. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि त्याला रोग होतो. मग गळ काढतात, प्रवाहाकडे तोंड करून थोडा वेळ पाण्यात धरून ठेवतात, त्याचे कल्ले नीट हलू लागले की हात सैल करतात. मासा निघून जातो. त्यासाठी गळाचे उलटे अणकुचीदार टोक आधीच चेपून टाकलेले असते.

आपल्यासारख्या मासे खाणाऱ्या माणसांना हे वेडेपणाचे वाटेल. एवढी सकाळ घालवून धरलेला मासा सोडून द्यायचा? मग कालवणाचे काय? तो प्रश्न बाजूला ठेवू. या नदीवरून आपण तीन गोष्टी घरी आणू या.

पहिली गोष्ट : आधी पाणी बघा

आपल्याला घाई फार. घरात मुलगा गप्प गप्प असेल तर आपण विचारपूस करण्याआधी उपदेश सुरू करतो. शेजाऱ्याशी बांधावरून वाद झाला की त्याचे म्हणणे ऐकण्याआधी वकील गाठतो. सून घरात येऊन महिना होत नाही तोच तिला आपल्या घराच्या रीती शिकवायला लागतो. पाय आपटत पाण्यात शिरणारा माणूस आणि आपण यांत फरक काय? मासा पसार झाला की आपण पाण्याला दोष देतो.

प्रभू येशू आधी बघत असे. जक्कय झाडावर बसला होता, प्रभूने वर पाहिले. विहिरीवर शोमरोनी बाई आली, त्याने तिच्याकडे पाणी मागितले आणि तिला बोलू दिले. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य खिन्न होऊन चालले होते. पुनरुत्थित प्रभू त्यांना पाठीमागून गाठतो, बरोबर चालू लागतो आणि पहिल्यांदा विचारतो, तुम्ही कशाविषयी बोलत आहात? ज्याच्या मरणाविषयी ते बोलत होते तोच विचारत होता! सगळे ठाऊक असूनही त्याने त्यांना सांगू दिले.

आपल्या घरात आज असे कोण आहे की ज्याचे म्हणणे आपण बऱ्याच दिवसांत ऐकलेले नाही? काठावर बसून पाणी बघण्याइतका वेळ आपण त्या माणसाला देऊ शकू का?

दुसरी गोष्ट : आमिष आणि गळ

खोटी माशी सुंदर असते. माशाला पीस दिसते, रंग दिसतो. गळ दिसत नाही. संत याकोबाने आपल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात मोहाविषयी लिहिताना जो ग्रीक शब्द वापरला आहे, तो मासेमारीतलाच आहे. माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो आणि भुलवला जातो, असे तो म्हणतो. हा ‘भुलवला जातो’ म्हणजे शब्दशः आमिष दाखवून धरला जातो (याकोब १:१४).

आपल्या गावात ही आमिषे कोणती, हे वेगळे सांगायला नको. मोबाईलवर रंगीत जाहिरात येते, पहिल्या दिवशी शंभराचे दोनशे होतात आणि सहा महिन्यांनी आईचे दागिने गहाण पडतात. पाच मिनिटांत कर्ज मिळते आणि पुढे पाच वर्षे झोप मिळत नाही. लग्नात, साखरपुड्यात, बारशात पहिला पेला हौसेचा असतो. वाडीच्या जमिनीला भाव सांगणारा माणूस गोड बोलतो, आगाऊ रक्कम टेबलावर ठेवतो. भावाभावांत कोर्टकचेरी सुरू होते तेव्हा तो दिसेनासा होतो. गळ आत असतो. गिळल्यावर कळतो.

ट्राउट स्वतःला कसा वाचवतो? तो वर येतो, बघतो आणि पाण्यावरची ती बारीक रेघ ओळखतो. ही माशी वाहत नाही, हिला कोणीतरी ओढत आहे. आपणही एवढेच विचारायला शिकू या : याच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे? दोरी कोणाच्या हातात आहे? आपल्या तरुण मुलांना हा प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर पुष्कळ घरे वाचतील.

पण आमिषाची दुसरी बाजूही आहे आणि ती आपल्या ख्रिस्तसभेला लागू पडते. प्रभूने पेत्राला माणसे धरण्याचे काम दिले. मग माणसांना आमिष दाखवून धरायचे का? आज आपल्या देशात ‘आमिष’ हा शब्द ख्रिस्ती लोकांच्या बाबतीत वारंवार वापरला जातो. त्याने आपण दुखावतो. दुखावण्याबरोबर आपण हेही स्पष्टपणे लक्षात ठेवले पाहिजे की आमिष दाखवणे ख्रिस्तसभेलाच मान्य नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात हे सांगून ठेवले आहे. श्रद्धेचा प्रसार करताना जबरदस्ती नको, अयोग्य रीतीने मन वळवणे नको, आणि गरीब व अशिक्षित लोकांच्या बाबतीत तर मुळीच नको, असा त्याचा आशय आहे. आपण दवाखान्यात रुग्णाची सेवा करतो, शाळेत शिकवतो, पुरात अन्न पोचवतो. त्या भाकरीत गळ असता कामा नये. भाकरी ही भाकरीच असावी.

प्रभू येशूने कोणाला भुलवले नाही. त्याने माझ्यामागे येणाऱ्याला क्रूस उचलावा लागेल, असे आधीच सांगितले. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे सांगितले (लूक १४:२८). गळ लपवणारा असे कधी सांगतो का?

तिसरी गोष्ट : जिवंत धरणे आणि मोकळे सोडणे

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात, मासळीचा मोठा घोळ मिळाल्यानंतर, येशू पेत्राला म्हणतो की यापुढे तू माणसे धरशील. तिथे मूळ ग्रीकमध्ये लूकने जो शब्द वापरला आहे त्याचा अर्थ ‘जिवंत धरणे’ असा आहे. लढाईत शत्रूला ठार न मारता जिवंत ठेवणे, यासाठीही तो शब्द वापरत. कोळी मासा धरतो तेव्हा मासा मरतो. पेत्राला सांगितलेले धरणे निराळे आहे. त्यात धरलेला जगतो. बुडणाऱ्याला हात धरून वर काढावे तसे ते धरणे आहे. पेत्र स्वतः पाण्यावर चालताना बुडू लागला तेव्हा प्रभूने त्याला असेच धरले होते.

आणि ज्याला जिवंत धरायचे, त्याला मोकळेही ठेवावे लागते. योहानच्या सहाव्या अध्यायात पाच हजारांनी भाकर खाल्ली. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा भाकरीसाठी आले. प्रभूने त्यांना जीवनाच्या भाकरीविषयी कठीण वचन ऐकवले. पुष्कळ शिष्य निघून गेले. येशू त्यांच्या मागे धावला नाही, वचन सौम्य केले नाही. उलट बारा जणांकडे वळून विचारले, तुम्हीही जाऊ इच्छिता का? दार उघडे होते. पेत्र थांबला तो दार उघडे असताना थांबला, म्हणून त्याच्या थांबण्याला मोल आहे. श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला, तेव्हाही येशूने त्याच्याकडे प्रीतीने पाहिले होते, असे संत मार्क लिहितो. प्रीतीने पाहिले आणि जाऊ दिले.

आईवडिलांनो, हे तुमच्यासाठी आहे. आपल्या गावातील कितीतरी घरांत आज दोघेच म्हातारे राहतात. मुले कॅनडात, ऑस्ट्रेलियात, आखाती देशांत. काही मुले इथेच आहेत, पण रविवारी मिस्साला येत नाहीत. काहींनी आपल्या मर्जीने लग्न केले आणि घरी बोलणे बंद झाले. आपण काय करतो? कधी घराच्या वाट्याचे आमिष दाखवतो, कधी अबोल्याचा गळ टाकतो, कधी आजारपणाची दोरी ओढतो. मासा वर येतो, बघतो आणि खोल जातो.

ओल्या हाताने धरा. प्रवाहाकडे तोंड करून धरा. श्वास सुरू होईपर्यंत धरा आणि मग हात सैल करा. ज्या मुलाला घरातून प्रेमाने जाऊ दिले, त्याला परतीची वाट ठाऊक असते. उधळ्या पुत्राच्या बापाने दुसरे काय केले? वाटा दिला, जाऊ दिले आणि रोज वाटेकडे डोळे लावून बसला. मुलगा परत आला तो दोरीने ओढून आणल्यामुळे नाही. बापाच्या घरी चाकरालाही पोटभर भाकर मिळते, हे त्याला आठवले म्हणून आला.

बावखलातील आई

आता आपल्या बावखलाकडे परत येऊ. आपल्याकडे गळाने धरायचा मानाचा मासा म्हणजे मरळ. ही मरळ अधूनमधून हवा घेण्यासाठी पाण्यावर येते. ती पाण्यावरच्या बेडकावर झडप घालते, म्हणून जाणकार लोक गळाला बेडूक लावून तो पाण्यावरून हळूहळू नाचवत आणतात. ट्राउटच्या माशीसारखाच हा वरचा खेळ आहे.

पावसाळ्यात कधी बावखलाच्या काठावर उभे राहून बघा. पाण्यावर तांबूस-केशरी पिल्लांचा पुंजका तरंगताना दिसतो. शेकडो पिल्ले एकत्र, सारखी वळवळ करणारी. त्यांच्या खाली मरळ पहारा करत असते. बेडूक आला, दुसरा मासा आला की ती धावून जाते. पिल्लांजवळ बेडूक नाचवला तर ती भुकेने नाही, पिल्लांच्या काळजीने झडप घालते आणि हमखास गळाला लागते. ती मरळ वर काढली की तासाभरात पुंजका विखुरतो आणि दुसरे मासे पिल्ले फस्त करतात. एका कालवणासाठी शेकडो मासे जातात.

जुन्या करारात अनुवादाच्या पुस्तकात (२२:६-७) एक लहानसा नियम आहे. वाटेत पक्ष्याचे घरटे दिसले आणि आई पिल्लांवर बसलेली असली, तर पिल्लांसकट आईला घेऊ नये, आईला जाऊ द्यावे. असे केल्याने तुझे बरे होईल आणि तुला दीर्घायुष्य मिळेल, असा आशीर्वाद त्याला जोडला आहे. आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेलाही असाच आशीर्वाद जोडलेला आहे, हे लक्षात घ्या. देवाला पाखराच्या आईचीही एवढी काळजी! मरळीच्या आईला ती नसेल का?

हबक्कूक संदेष्ट्याने पहिल्या अध्यायात एक भयंकर चित्र रेखाटले आहे. दुष्ट माणूस सगळ्यांना गळाने वर ओढतो, जाळ्यात गोळा करतो आणि मग त्या जाळ्यालाच बळी अर्पण करतो, जाळ्यापुढेच धूप जाळतो. कारण त्या जाळ्यामुळे त्याचे ताट भरलेले असते. जाळ्याची पूजा! आज आपल्या वसईत जमीन हे जाळे झाले आहे. वाडवडिलांनी खणलेली बावखले पावसाचे पाणी साठवत, विहिरींना गोडे पाणी देत आणि समुद्राचे खारे पाणी जमिनीखाली दूर ठेवत. रहाटाने त्यांचे पाणी वाडीला मिळे. त्यातील कितीतरी आज भरावाखाली गेली. जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरार कित्येक दिवस पाण्यात होते, रेल्वेगाड्या बंद पडल्या, घराघरांत पाणी शिरले. पाण्याची जागा आपण घेतली, तेव्हा पाणी आपल्या जागेत आले.

दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीतून आपल्याला हेच सांगितले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाऊदातो सी’ या परिपत्रकात साऱ्या जगाला तेच सांगितले. दोघेही आज प्रभूच्या घरी आहेत. बावखल मात्र आपल्या दारात आहे आणि ते सांभाळणे आपल्या हातात आहे.

पेत्राच्या गळाला लागलेल्या माशाच्या तोंडात चारच द्राख्मा होते. दोघांपुरते. प्रभूने पेत्राला त्या सकाळी जाळे टाकायला सांगितले नाही, कारण गरज एका माशाची होती.

या आठवड्यात एवढे करू या

१. ज्याच्याशी बोलणे तुटले आहे अशा घरातील एका माणसाचे म्हणणे, मध्ये न बोलता, शेवटपर्यंत ऐकू या.

२. पैशाचा, कर्जाचा किंवा जमिनीचा कोणताही व्यवहार करण्याआधी घरात सर्वांसमोर विचारू या : दोरी कोणाच्या हातात आहे?

३. दूर असलेल्या मुलाला किंवा मुलीला फोन करू या. तक्रार नको, मागणी नको. फक्त चौकशी आणि आशीर्वाद.

४. बावखलात पिल्लांचा तांबडा पुंजका दिसला तर तिथे गळ टाकू नये, हे आपल्या मुलांना दाखवून, समजावून सांगू या. बावखलात कचरा टाकणाऱ्याला प्रेमाने पण स्पष्टपणे थांबवू या.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू सरोवराच्या काठावर उभा राहून आम्हाला हाक मारतोस. आमच्या हातांना घाई आहे, ते शांत कर. आमच्या डोळ्यांना आमिष तेवढे दिसते, आतला गळही दाखव. ज्यांना तू आमच्या स्वाधीन केले आहेस त्यांना जिवंत धरण्याची आणि प्रेमाने मोकळे सोडण्याची कृपा आम्हाला दे. समुद्रावर गेलेल्या आमच्या कोळी बांधवांना सुखरूप घरी आण. आमच्या विहिरी गोड ठेव, आमची बावखले भरलेली ठेव आणि आम्हाला पुरेल तेवढे दे. ते शेजाऱ्याबरोबर वाटून घेण्याचे मनही दे.

पवित्र मरिये, सागराच्या तारके, आम्हासाठी विनंती कर.

आमेन.